घातचतुर्दशीचे पान

तुमचे चुलत आजोबा लढाईत नव्हे, विमान शिकताना गेले, मग त्यांच्या शोधात इतकी वर्षे कशासाठी घालवता, असे मला लग्नकार्यातही विचारले जाते. निझामाच्या राज्यातला मुलगा इंग्रजांच्या हवाई दलात गेला, त्याचे कौतुक ते काय, असाही एक सूर त्यात असतो. मुक्तिसंग्राम ज्यांच्या घरात घडला त्यांचा हा सूर मी समजू शकतो. ‘नुसताच सराव’ हे शब्द मात्र मला सहन होत नाहीत. टायगर मॉथ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान म्हणजे लाकूड-कापडाचे पंख, दोन उघड्या बैठका, पुढे शिक्षक, मागे शिकाऊ आणि दोघांना बोलायला मधे एक नळी. हैदराबादच्या बेगमपेठला त्यावर हात बसला की पुढच्या शिक्षणासाठी अंबाल्याला जायचे. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात सैनिकी सेवेत असताना जो गेला, तो लढाईत गेला की सरावात, हा भेद महायुद्धांतल्या मृतांच्या समाध्या आणि नोंदी जपणारा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगही करत नाही. तो आपण का करावा?

आमच्या घरी त्यांची मृत्युतिथी कोणालाच ठाऊक नव्हती. अपघाती मृत्यू म्हणून पितृपक्षात घातचतुर्दशीला त्यांचे पान वाढले जाई, एवढेच. आजोबांची धाकटी बहीण, आमची आत्याआजी, विधवा होऊन माहेरी परतलेली, ती दर वर्षी म्हणे, “माझ्या भावाला स्वतःची तिथीसुद्धा नाही रे.” मृतांच्या यादीत मला एक नोंद सापडली. नाव तेच, आडनाव तेच, वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर होते आणि तेही जुळत होते. मी त्याच संध्याकाळी तिला तारीख सांगितली. तिने गुरुजींकडून जुन्या पंचांगावरून तिथी काढून घेतली आणि त्या वर्षापासून वडील त्या तिथीला काकांचे वर्षश्राद्ध करू लागले. पहिल्या श्राद्धाच्या दिवशी नव्वदीतली ती बाई पहाटे उठून स्वतः पुरण वाटायला बसली.

चार वर्षांनी त्या नोंदीमागचा कागद हाती आला. त्यात वडिलांचे पूर्ण नाव होते, आणि घर कोकणातले होते. तोवर आमच्या गावच्या शाळेचे उर्दूतले दाखल-खारिज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, मी एका निवृत्त शिक्षकांकडून वाचून घेतले होते. जन्मसाल निझामाच्या राज्यातल्या कालगणनेप्रमाणे १३३० फसली, म्हणजे ५९० मिळवून १९२०-२१. तिथे वडिलांचे नाव स्पष्ट लिहिलेले होते, आणि ते वेगळे होते. ते रजिस्टर मी तारीख सांगण्याआधी पाहिले असते, तर ही चूक झाली नसती. मी नाही पाहिले, कारण मला घाई होती. आत्याआजी थकली होती, हे माझे समर्थन आजही मला अर्धेच पटते.

तिला मी सांगितले नाही. दया म्हणून, असे तेव्हा स्वतःला समजावले. आता वाटते की तिच्या डोळ्यांना डोळा भिडवण्याचे धैर्य नव्हते. ती त्याच तिथीवर विश्वास ठेवून गेली. तरीही, चार वर्षे तिला भाऊ परत मिळाल्यासारखा होता, हेही खोटे नाही.

शोध थांबवावा, तर ती तिथी एका परक्या मुलाच्या मृत्यूवर उभी राहते. त्या मुलाच्या घरी त्याचे पान कोणी वाढते का, हे शोधायला मी आता कोकणातल्या त्या गावी पत्र लिहिले आहे. वडिलांनी मागच्या आठवड्यात विचारले, यंदा श्राद्ध करायचे का. मी म्हटले, करा.