झोपेत दात खाणं: मुलाचं आणि माझं

जात्यात खडा यावा तशी करकर रात्री पोराच्या अंथरुणातून ऐकू आली, की आमच्या विदर्भातल्या खेड्यांत सल्ला ठरलेला: पोटात जंत झाले, गोळी द्या. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला शाळेत-अंगणवाडीत मिळणारी अल्बेन्डाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी जरूर द्यावी (एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी), पण ती जंतांसाठी. दात खाणं तिनं थांबेल, या आशेवर बसू नये. आमच्या मुलाचं थांबलं नाही.

लहान मुलांचं हे बहुतेक वेळा आपोआप सुटतं. पक्के दात येत जातात तसं कमी होतं. दुधाचे दात थोडे सपाट झाले तरी घाबरायचं कारण नाही, ते पडणारच आहेत. जबडा वाढत असतो म्हणून मुलांना सहसा गार्डही (झोपताना दातांवर चढवायचं संरक्षक आवरण) देत नाहीत. आम्ही एवढंच केलं: संध्याकाळचा चहा बंद, झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद, झोपेची वेळ ठरलेली. मात्र मूल तोंड उघडं ठेवून घोरत असेल, झोपेत श्वास अडत असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. वाढलेले टॉन्सिल हे त्यामागचं कारण असू शकतं.

मोठ्यांचं तसं नाही. पक्का दात झिजला की परत येत नाही. सकाळी कानशिलं दुखणं, जबडा जड वाटणं, थंड पाण्यानं ठणका आणि आरशात जिभेच्या कडेला दातांचे ठसे, या खुणा दिसल्या की थांबू नका. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, सावंगी (मेघे) इथलं दंत महाविद्यालय, जिथं जाणं सोपं पडेल तिथं जा.

गार्डला किमान दोन खेपा लागतात. पहिल्या खेपेला चमच्यासारख्या ट्रेमध्ये लगदा भरून दातांचं माप घेतात. ट्रे तोंडात जाण्यापुरतं तोंड उघडावं लागतं. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांचं इथंच अडतं. गालाची आतली कातडी ताठ होऊन उभी तीन बोटंही तोंडात जात नाहीत, म्हणजे माप नीट निघत नाही. त्यांनी दातांआधी त्या ताठरपणाची तपासणी करून घ्यावी आणि खर्रा सोडावा. तंबाखूनं दात खाणंही वाढतं.

दुसऱ्या खेपेला कडक अ‍ॅक्रिलिकचा गार्ड बसवतात, बहुधा वरच्या दातांवर. रंगीत कागद चावायला देतात. जिथं डाग गडद, तिथला उंचवटा घासून काढतात. ही पायरी घाईत उरकू देऊ नका. एकच दाढ टेकत असेल तर जबडा उलट जास्त दुखतो. मऊ रबरी गार्ड स्वस्त असतो, पण काही लोक तो झोपेत चघळतच राहतात.

गार्ड साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं, साबण लावून धुवावा. पेस्टनं चरे पडतात. गरम पाणी वर्ज्य, आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत किंवा टिनाखालच्या खिडकीत ठेवू नये, आकार बदलतो आणि मग तो बसत नाही.

गार्ड दात वाचवतो, सवय घालवत नाही. दिवसा कापूस वेचताना, गाडी हाकताना दात आवळलेले असतील तर 'न' म्हणा, जीभ वरच्या दातांमागे जाते, तिथंच ठेवा. ओठ मिटलेले, दात सुटे. रात्री गरम ओल्या फडक्यानं गालाला पंधरा मिनिटं शेक द्या. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीनसारख्या मनाच्या आजाराच्या गोळ्यांनीही दात खाणं सुरू होऊ शकतं; त्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारा.

दर सहा महिन्यांनी दाखवायला जाल तेव्हा गार्ड डबीत घालून सोबत न्या. त्यावर कुठं झीज पडली, तेवढ्यावरून रात्री कोणत्या बाजूला जोर पडतो ते डॉक्टरांना कळतं.