३६ सेकंद चूप

परतवाड्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी विज्ञान शिकवतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना आहे, त्यामुळे पोट्ट्यांना हवेतून चित्र आणून दाखवायचं बरेच दिवस मनात होतं. जुलैतल्या एका शनिवारी माझा हॅम मित्र चिखलदऱ्याला गेला आणि योग आला. ते ठिकाण अकराशे मीटरवर, जवळजवळ आमच्या डोक्यावरच. १४५ मेगाहर्ट्झवर हातातल्या सेटलाही त्याचा आवाज स्वच्छ येतो.

रेडिओवरून चित्र पाठवायच्या या 'एसएसटीव्ही' पद्धतीत चित्र म्हणजे आवाजच. काळ्याला १५०० हर्ट्झचा सूर, पांढऱ्याला २३०० चा, छटा त्यांच्या मधल्या. तिच्यातल्या 'रोबोट ३६' या प्रकारात ३२० बाय २४० ठिपक्यांचं चित्र ३६ सेकंदांत ओळीओळीनं उतरतं. आवाजाचं चित्र करणारं अ‍ॅप लावून सेटजवळ मोबाइल धरला की झालं.

पहिलं चित्र धुक्यातल्या दरीचं आलं, कोपऱ्यात क्यूआर कोड. टाळ्या पडल्या. पण दुसऱ्या मोबाइलनं कोड वाचायला गेलो तर काहीच नाही.

"सर, चित्र तं दिसते, पण कोड काहीच दाखवून नाही राह्यला."

पोरांचा गलका आणि पत्र्यावरचा पाऊस, दोन्ही मोबाइलच्या माइकमध्ये शिरले होते. चित्रभर आडवे ओरखडे. दरीवरचा ओरखडा डोळा माफ करतो. कोडचं तसं नसतं. दुरुस्तीच्या सगळ्यात वरच्या, 'एच' पातळीचा कोड सुमारे ३० टक्के खराबी सोसतो, पण कोपऱ्यातले ओळखीचे चौकोनच फाटले तर स्कॅनर तिथेच थांबतो. शिवाय २५ बाय २५ घरांचा कोड एवढा लहान, की एका घराला जेमतेम दोन ठिपके.

मित्राला सांगितलं, फोटो काढून टाक, एका घराला ७ ठिपके दे, भोवती चार घरांची पांढरी किनार सोड. कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखनाव, मात्र बाजूला साध्या अक्षरांत. यावर मी अडून बसतो. क्यूआर १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हनं काढला, कुणालाही वाचता येतो. तरी आमच्या बँडवर कोण बोलतंय हे डोळ्यांनाच कळलं पाहिजे.

मुलांना निरोप मराठीतच हवा होता. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, आणि या कोडात मावतात १४ बाइट. म्हणजे चार खुणा. "काय लिहायचं ते मी बघतो," तो म्हणाला.

इकडे सातवीतली एक मुलगी खिचडीवाल्या मावशींकडून बांबूचं डालं आणि घोंगडी घेऊन आली. सेट आणि मोबाइल डाल्याखाली, वर घोंगडी, अँटेना तेवढा बाहेर. चाळीस पोरं ३६ सेकंद चूप. कुणी खोकलंसुद्धा नाही.

डालं उचललं. काळे-पांढरे चौकोन कडेकडेनं स्वच्छ. तिनं दुसरा मोबाइल समोर धरला आणि लगेच स्क्रीनवर आलं, 'पाऊस'.

"सर, वरतंही पाऊसच चालू हाये!"