सुधारलेला ब्रुनो

कुत्रा शिकवायला बोलावतात त्यातल्या बहुतेकांना आधी शेकहँड हवा असतो. पाहुण्यांसमोर पंजा दिला की पैसे वसूल. पावसकडच्या त्या आंबेवाल्या घरातून फोन आला तेव्हाही मागणी तीच होती. "बाकी सगळं मी शिकवलंय," अण्णा म्हणाले. "चार माणसांत शोभेल असं काहीतरी तुम्ही शिकवा."

ब्रुनो लॅब्रडॉर. मुलाने मुंबईच्या फ्लॅटमध्ये हौसेने घेतला, झेपेना म्हणून गावाला आणून सोडला. चाकरमान्यांची हौस गावाकडच्या म्हाताऱ्यांनी निस्तरायची, हे आता कोकणात नेहमीचंच झालंय.

मी गेल्या गेल्या कुत्र्याला हात लावत नाही. पडवीत चहा घेत बसते आणि तो कुणाच्या मागे मागे जातो, कुणाला वळसा घालतो ते बघते. ब्रुनो अण्णांना वळसा घालत होता.

मे महिना. माजघरात अढी घातलेली, खळ्यात पेट्यांची थप्पी, आणि सुट्टीला आलेली नातवंडं पायरीवर रायवळ चोखून बाठे तिथेच टाकत होती. हापूसचा बाठा कुत्रा निदान चघळत तरी बसतो. रायवळचा लहान बाठा लॅब्रडॉरसारखा खादाड अख्खा गिळतो. तो पचत नाही. आतड्यात अडकला तर पोट उघडावं लागतं, आणि इथे ते करणारा डॉक्टर गाठेपर्यंत दिवस जातो. म्हणजे बाठा काढून घ्यायला हवा, हे घरच्यांचं बरोबरच होतं. पण ते तोंडात हात घालून हिसकावत. माणूस आला की वस्तू जाते, एवढं कुत्र्याला कळलं की तो एकतर घाईने गिळतो, नाहीतर गुरगुरतो.

ब्रुनो गुरगुरायचा. "दोन-चारदा काठी बसली, आता तोंडातून आवाज काढत नाही," अण्णांनी कौतुकाने सांगितलं.

हे वाक्य ऐकलं की घरातलं सगळ्यात लहान मूल कुठे आहे ते मी आधी बघते.

चार वर्षांची नात रांगत बाकाखाली शिरत होती. तिथे ब्रुनो पुढच्या पायांत बाठा धरून पडला होता. सूनबाईंनी कौतुकाने मोबाइल काढलेला. ब्रुनोचं चघळणं थांबलं होतं. मान बाठ्यावर वाकलेली, अंग ताठ, ओठ मिटलेले. डोकं न वळवता त्याने फक्त डोळे तिच्याकडे फिरवले होते आणि बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसत होती. थिजणं, गुरगुरणं, दात दाखवणं, मग चावा, अशा पायऱ्या असतात. त्यातल्या मधल्या अण्णांनी काठीने काढून टाकल्या होत्या.

अशा वेळी ओरडायचं नसतं. मूलही दचकतं आणि कुत्राही. माझ्या कमरेच्या पिशवीत कोंबडीच्या उकडलेल्या काळजाचे तुकडे असतात. (सुकट स्वस्त पडते, पण तिच्यात मीठ फार.) एक तुकडा त्याच्या नाकाशी टाकला, दुसरा हातभर पुढे, उरलेली मूठ थेट खळ्यात. तो बाठा टाकून उठला. मी पोरीला बाहेर ओढलं.

"बघा, काही केलं नाही त्याने," अण्णा म्हणाले. "तुम्ही उगाच घाबरलात."

यावर काय बोलावं, ते मला अजून सुचलेलं नाही. चावला असता तर जखम 15 मिनिटं साबणाच्या पाण्याने धुणं, दवाखाना, रेबीजची इंजेक्शनं हे सगळं झालं असतं, ब्रुनो बागेच्या टोकाला साखळीत गेला असता आणि माझं म्हणणं सगळ्यांना पटलं असतं. न झालेला चावा दाखवायचा कसा? सूनबाईंकडे व्हिडिओ आहे. तो त्यांनी बदाम लावून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

मी शेकहँड बाजूला ठेवला आणि अदलाबदल शिकवायला घेतली. मुलांना यातून लांब ठेवलं. आधी दोरीचा तुकडा, ज्याचं त्याला फारसं अप्रूप नाही. काळीज नाकाशी धरायचं, तोंड उघडलं की 'सोड' म्हणायचं, आणि दोरी त्याला परत द्यायची. परत देणं लोकांच्या जिवावर येतं, पण सगळी गंमत त्यातच आहे. दिलेलं परत मिळतं म्हटल्यावर कुत्रा निवांत होतो. त्यातून लॅब्रडॉर ही मारलेला पक्षी अलगद तोंडात धरून शिकाऱ्याच्या हातात आणून द्यायला तयार केलेली जात. दोरीनंतर करवंटी, चप्पल, आणि शेवटी हापूसचा बाठा. बाठा तेवढा परत द्यायचा नाही. त्याच्या बदल्यात काळीज दुप्पट.

काकूंचा हात लगेच बसला. अण्णा पेटीवर बसून "कुत्र्याला लाच देताय" म्हणत राहिले. काठी काकूंनी कुठेतरी लपवली.

श्रावण तोंडावर आला तेव्हा अण्णांचा फोन. "अहो ताई, पैसे घेतलेत आणि कुत्रा बिघडवलात. काल त्याच्या ताटलीपाशी गेलो तर पुन्हा गुरगुरला!"

"मग तुम्ही काय केलंत?"

"करतो काय? काठी सापडेना. मागे सरलो."

मी म्हटलं, झकास. तो पुन्हा गुरगुरतोय ही चांगली बातमी आहे, हे समजावून सांगायला लागले, तर त्यांनी फोन काकूंच्या हातात दिला. काकूंना एवढंच विचारायचं होतं, की श्रावणात घरात काळीज आणता येणार नाही, तर पनीर चालेल का.