डाव्या पायाचा उन्हाळा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यांत तापते नऊ दिवस, सुरू व्हायला चार दिवस होते. वर्धेहून नागपूरला येताना माझ्या लक्षात आलं, की आपला डावा पाय उजव्यापेक्षा जास्त तापतोय. साठीकडे झुकलेल्या माणसाला एकच अवयव त्रास द्यायला लागला की आधी डॉक्टर आठवतो, मिस्त्री नंतर. मी चप्पल काढून पाहिली, पँट वर सरकवून पाहिली. एसी चालू होता, बटण निळ्या टोकाला होतं, आणि तरी डॅशबोर्डखालून कुणीतरी पोटरीवर सावकाश गरम फुंकर घालत होतं.

बाहेर पंचेचाळीस अंश असले की गाडीतल्या गरमीचा संशय गाडीवर कुणी घेत नाही. सगळा दोष उन्हाच्या खात्यावर. मीही तेच केलं. काचांना जाळ्या लावल्या, ऑफिसबाहेरच्या कडुनिंबाखालची जागा मिळावी म्हणून अर्धा तास लवकर निघायला लागलो, शेवटी एसीत गॅससुद्धा भरून आणला. पायाखालची चूल पेटलेलीच.

चोर सापडला तो पंखा बंद केल्यावर. साठच्या वेगात पंखा शून्यावर ठेवून मी एसीच्या जाळीसमोर हात धरला. बाहेरची हवा वेगानं आपोआप आत शिरत होती, आणि ती लूपेक्षाही गरम होती. सिग्नलला थांबलो, फुंकर थांबली. निघालो, पुन्हा सुरू. मे महिन्यात माझी गाडी मला शेक देत होती.

गाडीतल्या हीटरबद्दल माझी समजूत घरच्या गिझरवरून बेतलेली होती: बटण दाबलं की तापतो, बंद केलं की निवतो. तसं नसतंच. पेट्रोलमधली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचते; बाकीची बहुतेक उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून निघून जाते. इंजिनाभोवती फिरणारं नव्वदएक अंशांचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, त्यातलंच थोडं दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डमागच्या एका पिटुकल्या रेडिएटरमध्ये येतं. हीटर म्हणजे एवढंच. काही गाड्यांत त्या पाइपावर वॉल्व्ह असतो. माझ्या गाडीत तोही नाही. गरम पाणी बारा महिने तेरा काळ डॅशबोर्डमागे फिरतच असतं, आणि आपण बटण फिरवतो तेव्हा आत एक झडप हवेला त्याच्यावरून नाहीतर बाजूनं जायला लावते, बस्स. म्हणजे ती उष्णता आपण कधी बंद केलेलीच नसते, फक्त तिच्याकडे पाठ फिरवलेली असते. (नात्यागोत्यात पुष्कळ ठिकाणी हेच चालतं, पण तो विषय वेगळा.)

मिस्त्रीनं बटणापासून झडपेकडे जाणारी केबल ओढून पाहिली, ती ठीक होती. मग बॉनेटखालचे दोन्ही पाइप चिमटीत धरून पाहिले आणि हात झटकला. "झडपेचा स्पंज गेला असन. फटीतून हवा तापून येऊन राह्यली. एसी थंडी करते अन् हीटर तेच हवा गरम करून देते."

"मग?"

"डॅशबोर्ड उतरवा लागन. दोन दिवस. नाहीतर हे दोन पाइप एकमेकाले जोडून देतो, दहा मिनिटांचं काम. पाणी आत जाणारच नाही. हीटर खतम."

"हीटरच बाद?"

"भाऊ, तुमाले हीटर काहून पाह्यजे? नागपुरात देवानंच लावून देल्ला हाये."

मी त्याला डिसेंबर २०१८ ची आठवण दिली, पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तो म्हणाला, त्या दिवशी मी गॅरेज उघडलंच नव्हतं.

पण मला अडवत होती ती थंडी नव्हती. मी आठवीत असताना काकांनी नवी कोरी गाडी घेतली आणि आम्ही सात जण तीत कोंबून मे महिन्यात चिखलदऱ्याला निघालो. परतवाड्यानंतर घाट लागला आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा लालकडे सरकायला लागला. काकांनी गाडी बाजूला घेतली. मागून येणारा एक ट्रकवाला थांबला, खिडकीतून वाकून म्हणाला, "हीटर लावा. फुल्ल." काकांना वाटलं चेष्टा करतोय. आजीला तर खात्रीच वाटली. पण त्यानं उतरून स्वतः बटण लाल टोकाला नेलं, पंखा जोरात लावला आणि सगळ्या काचा उतरवायला सांगितल्या. खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा आणि तोंडावर हीटर, अशा अवस्थेत आम्ही चिखलदऱ्याला पोचलो. आजी वाटभर एक शब्द बोलली नाही. काटा मात्र खाली आला. इंजिनाला दुसरा रेडिएटर मिळाला होता. त्यातली हवा आम्ही खात होतो, इतकंच.

हे मिस्त्रीला सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण हातातली पक्कड खाली ठेवली नाही. तुमची गाडी गरम होत नाही, होईल तेव्हा पाहू, असा त्याचा हिशेब. शेवटी तडजोड निघाली. आत जाणाऱ्या पाइपाच्या मधोमध त्यानं एक पितळी कॉक बसवून दिला. आडवा केला की पाणी बंद, सरळ केला की चालू. परतताना तासभर मी फक्त डाव्या पायाकडे लक्ष देऊन गाडी चालवली. पायाला काहीच होत नव्हतं. काहीच न होण्यात इतकं सुख असतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आता घरात एक नवं काम वाढलंय. होळीनंतर कूलर खाली काढायचा, त्यात नवी खस भरायची आणि बॉनेट उघडून कॉक आडवा करायचा. दिवाळीनंतर सरळ. पहिल्याच वर्षी दिवाळीनंतरचं राहिलं. डिसेंबरात पहाटे रामटेकला निघालो, कामठीच्या पुढे धुकं. काचेवर आतून वाफ धरली, बायको हात चोळत म्हणाली, "अहो, हीटर लावा ना." मी ऐटीत बटण लाल टोकाला नेलं. आतून आली ती डिसेंबरची हवा, जशीच्या तशी.

रस्त्याकडेला थांबून बॉनेट उघडलं. इंजिन एव्हाना चांगलं तापलेलं, पितळेला हात लावायची सोय नव्हती. बायकोनं गळ्याचा दुपट्टा काढून दिला, तो बोटांना गुंडाळून मी कॉक फिरवत होतो, आणि एक चहावाला आपली शेगडी पेटवता पेटवता आमच्याकडे बघत होता.