ग्रीनिचच्या सातबाऱ्यावर मुंबई : जुन्या पट्ट्यांचं वाचन कुठवर आलं

मंडळी, मोडीचे रुमाल तूर्त बाजूला ठेवून हाती घेतलेलं इंग्लंडचं प्रकरण आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ट्यूडर आणि स्टुअर्ट राजांच्या सरकारी मालकीच्या जमिनी कोणाला, किती मुदतीने आणि कितीला पट्ट्याने दिल्या जात, हे मूळ कागदांच्या छायाचित्रांवरून लावायचा खटाटोप चालू आहे. निमित्त आपल्या मुंबईचं. दुसऱ्या चार्ल्सने १६६८च्या सनदेने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, ते ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरखाली, म्हणजे तिथल्या राजाच्या जहागिरीखाली, धरायचं म्हणून. खंड वर्षाला १० पौंड, सोन्यात, ३० सप्टेंबरला भरायचा. माहीमच्या खाडीचा थेम्सकाठच्या राजवाड्याशी काय संबंध, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

त्याचा उलगडा झाला. हा कारकुनांचा ठरलेला मजकूर होता. सरकारी जमिनीच्या कितीतरी दानपत्रांत तो आहे आणि १६०६च्या व्हर्जिनियाच्या सनदेतही आहे. या रीतीने जमीन धरणाऱ्यावर लष्करी चाकरीचं बंधन नाही, आणि वारस अज्ञान असला तरी राजा पालक म्हणून जमिनीवर येऊन बसत नाही. घेणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा स्वस्त रीत नव्हती.

आता खरं काम. सध्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी दफ्तरखान्यातल्या ‘ई ३१०’ या मालिकेवर आहे. पट्टा मागणाऱ्यासाठी सरकारी जमिनींचा हिशेबनीस, म्हणजे ऑडिटर, एक टिपण काढी : जमीन कुठली, आत्ता कोणाकडे, खंड किती, चालू पट्ट्याची किती वर्षं उरली. वरचा मजकूर कारकुनी, ओळी सरळ. खाली दुसऱ्या हाताने घाईत लिहिलेल्या दोन-तीन ओळी असतात, आणि सगळा जीव त्यांतच असतो : मुदत, नजराणा, दुरुस्ती कोणी करायची. एलिझाबेथच्या काळातल्या कागदांवर तळाशी ‘डब्ल्यू. बर्ली’ अशी खजिनदाराची सही भेटते. हे अक्षर मोडीसारखंच हात न उचलता पळतं, पण सरावाने सुटतं. आकडे रोमन, आणि शेवटच्या ‘आय’ला लांब शेपूट ओढून त्याचा ‘जे’ केलेला. ६ शिलिंग ८ पेन्स, १३ शिलिंग ४ पेन्स हे आकडे इतक्या वेळा येतात की आधी विचित्र वाटतं. मग लक्षात येतं की हिशेब मार्कात आहे. मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश, त्यामुळे हे अर्धा आणि एक मार्क, सरळ पूर्ण आकडे.

पट्टा बहुधा २१ वर्षांचा, नाहीतर ‘तीन जिवांचा’. म्हणजे पट्ट्यात तीन नावं, आणि त्यातला शेवटचा माणूस मरेपर्यंत जमीन कुळाकडे. म्हणून नावं लिहिताना लोक घरातलं लहान पोर आवर्जून घालत. प्लेगच्या दिवसांत हा सरळ जुगारच. मोठं इमारती लाकूड आणि खाणी राणीच्या. कुळाला घरदुरुस्ती, कुंपण, नांगर आणि सरपण यांपुरतं लाकूड.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला बसलो ते. खंड हलतच नाही. सोळाव्या शतकात धान्याचे भाव कुठल्याकुठे गेले, आणि ‘पुरातन खंड’ मात्र आजोबाच्या पट्ट्यातला तोच नातवाच्या. वाढ घ्यायची ती नजराण्यातून, म्हणजे पट्टा देताना खंडाच्या ठरावीक पटीत एकरकमी. आणि तीही खजिन्यात पडतेच असं नाही. रोख पगार द्यायला हात आखडणारी एलिझाबेथ दरबारातल्या आचाऱ्यांना, मोतद्दारांना बक्षीस म्हणून ‘पुढचा पट्टा’ देई. चालू मुदत संपली की सुरू होणारा, बहुतेकदा नजराण्याशिवाय. त्या बापड्याने जमीन पाहिलेलीही नसे. तो तो हक्क सरळ कसणाऱ्याला किंवा दलालाला विकून मोकळा होई. म्हणजे कुळाने पैसे मोजलेच, फक्त राणीला नाही मोजले. मला हा निव्वळ गलथानपणा वाटत नाही. तिजोरीतून छदाम न काढता माणसं राखण्याचा तो मार्ग होता, आणि त्याचं बिल पुढच्या राजाच्या माथी आलं.

ते बिल १६०८ साली खजिनदार झालेल्या रॉबर्ट सेसिलने उघडून पाहिलं. त्याने मोजणीदार धाडले, मॅनरवार खरी किंमत काढायला लावली. पण पट्टे चालू असताना खंड वाढवणार कसा? शिवाय पैशाची निकड अशी की जमिनी विकणंही थांबेना.

पहिल्या चार्ल्स राजाच्या वधानंतर, १६४९च्या संसदीय पाहण्यांत (मालिका ‘ई ३१७’) हा फरक एका नजरेत दिसतो. त्या इंग्रजीत आहेत, लॅटिनशी झटापट नाही. चालू खंड एकीकडे आणि ‘याहून वर इतकं उत्पन्न होईल’ हा आकडा दुसरीकडे, शिवाय तीन जिवांपैकी कोण हयात आहे तेही. माझ्या तक्त्यात हे दोन आकडे शेजारी मांडायला सुरुवात केलीय. केंटमधल्या मॅनरांपासून, अर्थात; ग्रीनिच तेव्हा त्याच परगण्यात.

अडतंय ते तारखांवर. कागदांत वर्ष मोजलेलं असतं राज्यारोहणापासून. एलिझाबेथचं तिसावं वर्ष म्हणजे १७ नोव्हेंबर १५८७ ते १६ नोव्हेंबर १५८८. त्यात सन बदलायचा २५ मार्चला, त्यामुळे ३० जानेवारी १६४९चा चार्ल्सचा शिरच्छेद तेव्हाच्या कागदांत १६४८चा. मोडी कागदांतला शुहूर सन रोज उलगडणाऱ्यांनी सांगावं : तुम्ही तक्त्यात मूळ सन आणि इसवी सन असे दोन रकाने ठेवता, की उलगडलेली तारीखच तेवढी?