पाच हजार अक्षरांत बसवलेले अस्वल

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय मत्स्य व वन्यजीव सेवेने ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या तपकिरी अस्वलांविषयीचा एक नवा नियम प्रस्तावित केला, ज्यात त्यांचे कायदेशीर संरक्षण ठेवून जनावरांवर हल्ला करणाऱ्या अस्वलाला मारण्याची जास्तीची मोकळीक होती, आणि त्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागवल्या. आपल्याकडे राजपत्रात अशी अधिसूचना निघते तेव्हा ती बहुतेकांच्या नजरेलाही पडत नाही, आणि एरवी मीही ही वाचली नसती. परंतु मी मोंटाना राज्यातील बोझमन गावाच्या कडेला राहते, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे उत्तरेकडचे प्रवेशद्वार माझ्या घरापासून दीड तासावर आहे, आणि आदल्या सप्टेंबरात एका मादी ग्रिझलीची व माझी समोरासमोर गाठ पडली होती. भारतीय पारपत्रावर राहणाऱ्या बाईला इथल्या नियमावर मत देता येते का, ही माझी पहिली शंका पाच मिनिटांत फिटली. सूचना कोणालाही पाठवता येते, नागरिकत्वाची अट नाही. संकेतस्थळावरच्या चौकटीत मात्र ५,००० अक्षरेच मावतात. वेगळे जोडपत्र लावण्याची सोय होती, पण जे म्हणायचे ते त्या चौकटीतच बसवायचे, असे मी ठरवले. ते बसायला सहा आठवडे लागले.

आधी ती गाठ सांगते. गॅलॅटिन डोंगररांगेतील एका पायवाटेवर मी सकाळी एकटी चालत होते, जे मुळातच चूक होते. वारा समोरून येत होता, शेजारी ओढा वाहत होता, त्यामुळे माझी चाहूल तिला लागली नाही आणि तिची मला. वळणानंतर साधारण ५० पावलांवर ती जमीन उकरत होती आणि तिच्या मागे एक पिल्लू होते. ती मागच्या पायांवर उभी राहिली. असे उभे राहणे म्हणजे हल्ला नव्हे, ती नीट पाहण्याची व वास घेण्याची तिची रीत आहे, हे मी वाचलेले होते. त्या क्षणी त्यातले एक अक्षरही आठवले नाही. कमरेचा मिरचीच्या अर्काचा फवारा मी हातात घेतला, तिच्या दिशेने धरला आणि वाट पाहत राहिले. ती खाली बसली, फुरफुरली आणि पिल्लाला घेऊन झाडीत शिरली. घरी आल्यावर लक्षात आले की डब्याची सुरक्षा-खीळ मी काढलेलीच नव्हती. जाड हातमोज्यांच्या बोटांना ती सापडली नव्हती आणि ती काढायची असते हेही मला सुचले नव्हते.

शेजारचे आजोबा हे ऐकून हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी राहीन. पंचाहत्तरीकडे झुकलेले हे गृहस्थ दर शरद ऋतूत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जातात. त्यांनी मला मागच्या अंगणात उभे केले, औषध नसलेला सरावाचा डबा हातात दिला आणि हातमोजे घालून, डोळे मिटून खीळ काढण्याचा सराव वीस वेळा करून घेतला. अस्वल नऊ मीटरांच्या आसपास येईपर्यंत थांबायचे आणि मग त्याच्या तोंडापुढे, किंचित खाली फवारा मारायचा, म्हणजे ते धावत येऊन त्या ढगातच शिरते. नऊ मीटर म्हणजे किती, हे त्यांनी अंगणात पावले टाकून दाखवले. आमच्या बैठकीच्या खोलीची लांबी त्याहून फार कमी नाही.

त्यांनीच मला राज्याची अस्वल-ओळख चाचणी द्यायला लावली. मोंटानात काळ्या अस्वलाची शिकार कायदेशीर आहे, ग्रिझलीची नाही, म्हणून काळ्या अस्वलाचा परवाना हवा असलेल्या प्रत्येकाला ही चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. मी पहिल्या खेपेला नापास झाले, कारण मी रंग पाहत होते. ‘काळे’ अस्वल तपकिरी, दालचिनीच्या रंगाचे, कधी पिवळसरही असते, आणि ग्रिझली जवळजवळ काळी असू शकते. आकारही फसवतो. पाहायचे ते खांद्यावरचे बैलासारखे वशिंड, कपाळ व नाक यांच्यामधला खोलगट बाक, आखूड गोल कान आणि पुढच्या पंजाची लांब नखे. दुसऱ्या खेपेला मी उत्तीर्ण झाले, परंतु छायाचित्रासमोर खुर्चीत बसून जे ओळखायला मला दहा सेकंद लागले, ते पहाटेच्या अंधुक प्रकाशात बंदुकीमागून कसे ओळखत असतील, हा प्रश्न मनातून गेला नाही.

आता खुद्द वादाकडे येते. १९७५ मध्ये, अलास्का वगळून उरलेल्या मुख्य भूमीवरच्या राज्यांतील ग्रिझलींना संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले, तेव्हा तिथे ७०० ते ८०० अस्वले उरली असावीत असा अंदाज होता. आज तो २,००० च्या आसपास आहे. आजोबांचे म्हणणे असे, की यलोस्टोन परिसरासाठी किमान ५०० अस्वलांचे लक्ष्य सरकारनेच ठरवले होते, ते केव्हाच गाठले गेले, मग संरक्षण उठवून व्यवस्थापन राज्यांकडे का देत नाहीत? खरोखर दोनदा उठवले गेले, २००७ मध्ये आणि २०१७ मध्ये, आणि दोन्ही वेळा मोंटानातीलच मिझूला येथील केंद्रीय न्यायालयाने ते परत लावले. त्यांच्या भाषेत सांगायचे तर, धावपटू रेषेजवळ पोचला की कोणीतरी रेषाच उचलून पुढे नेतो. हे म्हणणे मला प्रामाणिक वाटले आणि आजही वाटते.

परंतु आकड्याच्या मागे गेल्यावर माझी पंचाईत झाली. जंगलातली अस्वले मेंढरांसारखी मोजता येत नाहीत. विमानातून आणि जमिनीवरून पिल्लांसह दिसलेल्या माद्या नोंदवतात आणि त्यांवरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. दोन ठिकाणी दिसलेली मादी एकच की वेगळी, यासाठी पूर्वी ३० किलोमीटरांचे अंतर गृहीत धरत. तेवढ्या टापूत तशीच मायलेकरे पुन्हा दिसली तर ती बहुधा एकच मानत. अस्वलांची दाटी वाढली तसा हा नियम कमी मोजू लागला, म्हणून २०२१ मध्ये अंतर १६ किलोमीटरांवर आणले, अंदाज बांधण्याचे गणिती प्रतिमानही बदलले, आणि सुमारे ७०० चा अंदाज एकदम हजाराच्या पुढे गेला. अस्वले एका वर्षात वाढली नव्हती, मोजमाप बदलले होते. शिकारीची मर्यादा जुन्या मापाच्या आकड्यांवर बेतायची आणि वर्तमानपत्रात आकडा नव्या मापाचा द्यायचा, असे झाले तर काय होईल? अपील न्यायालयाने २०२० मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले होते: मोजण्याची पद्धत बदलली तर मर्यादाही त्यानुसार पुन्हा बेतण्याची बांधिलकी नियमातच हवी. दुसरा मुद्दा एकाकीपणाचा होता. यलोस्टोनची अस्वले इतर ग्रिझलींपासून दीर्घकाळ तुटलेली आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडची दोन अस्वले मुद्दाम आणून इथे सोडावी लागली.

शिकारीविषयी माझे मत लिहिताना मी सर्वांत जास्त खोडाखोड केली. संरक्षण उठलेले असताना, २०१८ मध्ये, शेजारच्या वायोमिंग राज्याने जास्तीत जास्त २२ ग्रिझली मारण्याची परवानगी देऊ केली होती. मुख्य निरीक्षणक्षेत्रात एका वेळी एकच शिकारी सोडायचा आणि मादी मारली गेली की हंगाम संपवायचा, असे कडक नियमही होते. परवान्यांच्या सोडतीत शिकारविरोधकांनीही अर्ज भरले आणि एका वन्यजीव छायाचित्रकारालाच परवाना लागला. हंगाम सुरू होण्यापूर्वी न्यायालयाने सगळे थांबवले. त्या २२ अस्वलांवर जेवढी शाई सांडली, तेवढी इतर मृत्यूंवर सांडत नाही. प्रौढ ग्रिझलींचे बहुतेक ज्ञात मृत्यू माणसामुळेच होतात: जनावरे किंवा कचरापेटी यांची चटक लागल्याने अधिकाऱ्यांनी मारलेली, शिकाऱ्यांनी स्वसंरक्षणात मारलेली, वाहनांखाली आलेली. ‘३९९’ या क्रमांकाने जगभर ओळखली जाणारी मादी २८ वर्षांची होऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये मोटारीच्या धडकेनेच मेली.

हे सारे मी एका रविवारी फोनवर बाबांना सांगत होते. आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला आहे, आणि तिथली अस्वले ग्रिझलीपेक्षा लहान असली तरी शेतकऱ्याला ती पुरेशी मोठी असतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांचा अर्धा चेहरा मी लहानपणापासून शिवलेला पाहिला आहे. बाबा म्हणाले, “अगं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पण ते काका अस्वलामुळे सापडले नाहीत, रात्रीच्या विजेमुळे सापडले. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री दोनला कोण हौसेनं जातं? दिवसा वीज द्या म्हणावं.”

फोन ठेवल्यावर मी मसुदा पुन्हा उघडला आणि पहिली चार परिच्छेदांची कायदेशीर चर्चा एका परिच्छेदात आणली. उरलेल्या जागेत लिहिले की कोंबड्यांची खुराडी, मधाच्या पेट्या आणि वासरांचे गोठे यांना विजेचे कुंपण, अस्वलाला न उघडणाऱ्या कचरापेट्या आणि शिकाऱ्यांनी एल्कचा कोथळा पायवाटेजवळ टाकून न येणे, यांसाठी पैसा व मनुष्यबळ निश्चित झाल्याशिवाय मारण्याची मुभा वाढवू नये. जनावरांवर हल्ला करणाऱ्या अस्वलाला मारण्याची जी जास्तीची मोकळीक प्रस्तावात होती, तिच्यापूर्वी कुंपणाची अट घालावी. आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या पद्धतीने काढला ते छापावे. संरक्षण आत्ता कायम ठेवावे, असेही लिहिले. आमच्या गल्लीतले ते काका त्यात कुठेच नव्हते, तरी त्या परिच्छेदाचा ढाचा त्यांच्यावरूनच घेतला होता. शेवटी मोजले तेव्हा ४,९८० अक्षरे भरली.

दुसऱ्या दिवशी आजोबा त्यांची सूचना हस्ताक्षरात लिहून घेऊन आले, कारण त्यांना संगणकाशी झटापट करायची नव्हती. मी ती त्यांच्यासमोर बसून टंकली. संरक्षण उठवा, मर्यादित शिकार सुरू करा, आम्ही इथे राहतो आणि आमचा शब्द आधी ऐका, असा तिचा आशय होता. सगळी मिळून १,४०० अक्षरे. मी फक्त एका जागी थांबले, जिथे त्यांनी अस्वलांचा आकडा लिहिला होता, आणि विचारले की हा २०२१ च्या आधीच्या पद्धतीचा की नंतरचा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले, मग कागद परत घेतला आणि आकड्यापुढे स्वतःच्या हाताने “नव्या पद्धतीनुसार” असे लिहून दिले.