आठ ओळींचं रसग्रहण, तीन वेळा लिहिलेलं

लग्नानंतर पंधरा वर्षांनी बाहेरून एमए मराठीला ॲडमिशन घेतली आणि पहिल्याच सेमिस्टरला असाइनमेंट आली, बालकवींच्या 'औदुंबर' कवितेतल्या अलंकारांचं आणि प्रतिमांचं विवेचन करा. मला वाटलं हे तर येतंच आपल्याला, दहावीला रसग्रहण करायचोच की, कवी कोण, कविता कशावर, अलंकार कोणता, शेवटी चार कौतुकाची वाक्यं. एका रात्रीत लिहून काढलं. शेवटच्या ओळीत चेतनगुणोक्ती आहे, म्हणजे झाड माणसासारखं वागतं, दोन-दोन ओळींना यमक आहे, 'ऐल तटावर पैल तटावर' मध्ये अनुप्रास आहे, म्हणजे तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि पान भरत नव्हतं म्हणून अर्धं पान कवीच्या आयुष्यावर, १८९० चा जन्म, १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले, म्हणून कवितेत उदासी आहे वगैरे.

आठवड्याने परत आलं. बाईंनी जिथे जिथे मी अलंकाराचं नाव लिहिलं होतं तिथे पेन्सिलने गोल केला होता आणि प्रत्येक गोलापुढे एकच शब्द, 'मग?' आयुष्याच्या परिच्छेदावर आडवी रेघ, बाजूला 'हे कवितेत कुठे दिसतं?' खूप लागलं मला ते, खोटं कशाला सांगू. दोन दिवस वही उघडलीच नाही.

मग बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अगं अलंकाराचं नाव म्हणजे पेशंटच्या आजाराचं नाव, ते लिहून डॉक्टर घरी जातो का? तू कविता मोठ्याने वाच, आणि जो शब्द अडतो तिथून सुरू कर, नाव सगळ्यात शेवटी लिही. आणि एक शब्द काढून दुसरा घालून बघ, काय बिघडतं ते लिही.

मी खरंच तसं केलं. सकाळी डबे भरताना मोठ्याने म्हणायची, आठच ओळी आहेत, दोन दिवसांत पाठ झाल्या. आणि अडले ती शेवटच्या ओळीत, 'पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर'. आपण बोलताना काय म्हणतो, पाण्यात पाय सोडून बसलो. इथे 'टाकुनी' का? आधी वाटलं वृत्तासाठी असेल. मात्रा मोजल्या, ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, तर 'सोडुनी' पण पाच आणि 'टाकुनी' पण पाच, म्हणजे वृत्ताची काही सक्ती नव्हती, 'सोडुनी' आरामात बसलं असतं! पाय सोडून बसण्यात मजा आहे, सहलीला गेल्यासारखं. 'टाकणं' म्हटलं की मला अंग टाकणं आठवतं, पेललेलं सगळं खाली ठेवून देणं. त्या एका क्रियापदाने झाडाचं बसणं वेगळं होतं, ते नुसतं माणसासारखं बसत नाही, सगळं सोडून दिलेल्या माणसासारखं बसतं. हे लिहिल्यावर मी पुढे चेतनगुणोक्ती हा शब्द लिहिला आणि पहिल्यांदा तो मला उपयोगाचा वाटला. (शाळेतल्या व्याख्येत निर्जीव वस्तू सजीव मानणं असं होतं, आणि झाड तर सजीवच आहे, त्यामुळे इथे माणसासारखं वागणं हाच भाग महत्त्वाचा धरावा असं माझं मत, ते मी असाइनमेंटमध्ये पण लिहिलं.)

मग क्रियापदांकडेच लक्ष गेलं. झरा वाहतो, पायवाट चालली, काळिमा पसरतो. सगळं चाललंय, आणि शेवटी एकटा औदुंबर बसलाय. आता पायवाट चालते हीसुद्धा चेतनगुणोक्तीच म्हणायची का यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली, कारण आपण रोजच म्हणतो ही वाट गावाला जाते, त्यात कोणाला अलंकार दिसत नाही. पण मला वाटतं शेवटच्या 'बसला' मुळे ती मागची 'चालली' पण जागी होते. ती वाट डोहाकडे जाते आणि कवितेत त्याच्या पुढे कुठे जाताना दिसत नाही.

रंगांचं असंच झालं. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी 'रंगप्रतिमांची उधळण' असं लिहून मोकळी झाले होते. आता एकेक शब्दाखाली रेघ मारली, हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. सात. आणि औदुंबराच्या ओळीत एकही नाही! कविता हिरव्याने सुरू होते, काळ्यावर येते, आणि झाडापाशी रंगच संपतात. आणि तो काळिमा 'गोड' आहे, काळा डोह बघून भीती वाटायच्या आधीच 'गोड' येऊन बसतो, म्हणून ती उदासी मला कडू लागत नाही. हे मला रेल्वे अपघाताच्या परिच्छेदातून कधीच सांगता आलं नसतं, तो परिच्छेद मी स्वतःहून काढला.

दुसरा ड्राफ्ट फार लांबला, सापडलेलं सगळं कोंबलं होतं, यमक, तट, टेकडी, चार घरं. बाई म्हणाल्या निवड. तिसऱ्यात फक्त तीन गोष्टी ठेवल्या, टाकुनी, क्रियापदं, रंग. यमकाला एक वाक्य, अनुप्रास पूर्ण गेला, कारण त्यामुळे काय होतं ते मला सांगता येत नव्हतं.

तिसरा ड्राफ्ट स्वीकारला. पेन्सिलचा गोल एकच होता, शेवटच्या ओळीतल्या 'असला' भोवती. मी त्याला 'असा' समजून पुढे गेले होते, बाईंनी लिहिलं होतं, 'बसला असला' असं एकत्र वाचून बघ, बसला असेल असं. गेले चार दिवस दोन्ही तऱ्हेने म्हणून बघतेय. एकात कवी झाडाकडे बोट दाखवतोय, दुसऱ्यात झाड त्याला नीट दिसतच नाहीये.